तुझे किती दिवस गेले

२६ डिसेंबर

बाईसाहेबांना,

वर्ष संपत आलं, म्हणून नेहमीचं पत्र लिहायला बसलो आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा यंदा सगळी भिस्त पत्रावरच. फोन मध्येच ठेवून देता येतो. पत्र फाडता येतं, पण वाचल्याशिवाय तू काही फाडत नाहीस. औषधाच्या डबीतला कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचणारी बाई तू.

नियम तुझाच आहे, तरी आठवण करून देतो. तू परदेशी त्या म्हाताऱ्या आजींना सांभाळायला गेलीस, त्या पहिल्या डिसेंबरात मी वर्षाचा सगळा खर्च रकमा मांडून पाठवला होता. तू म्हणालीस, "अहो, रकमा नका सांगू. इकडच्या पैशाचं तिकडचं करताना माझं डोकं चालत नाही. माझे किती दिवस गेले ते सांगा. आणि मोठ्या खर्चापुढे एकेक चांगली गोष्ट लिहा, म्हणजे घास तरी उतरेल." तेव्हापासून या घरात रकमा नाहीतच, तुझ्या कमाईचे दिवस आहेत. शेजारच्या शिंपीणबाईंनी एकदा विचारलं होतं, तुमची पाण्याची टाकी केवढ्याची? मी म्हणालो, दोन आठवड्यांची. बाई अजून विचार करताहेत.

तर यंदाचं.

चिंगीच्या शेवटच्या वर्षाची फी, परीक्षेसकट: तुझे दोन महिने. चांगली गोष्ट: पोरगी पहिल्या फटक्यात पास झाली. आता ती प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते, आणि घरी येऊन माझ्याकडे अशी बघते की मलाही बाटलीत भरून लेबल लावणार की काय असं वाटतं.

माझी दाढ काढली: तुझा एक दिवस. चांगली गोष्ट: उरलेल्या दाढांनी धडा घेतला, तेव्हापासून कुणी तक्रार करत नाही.

वरच्या खोलीची खिडकी: तुझा सव्वा महिना. हे जास्त वाटेल, पण खिडकी बघशील तर बोलणार नाहीस. तू तिकडे गेल्या गेल्या लिहिलं होतंस, माझ्या खोलीला खिडकी आहे पण ती समोरच्या भिंतीवर उघडते. ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. आता तुझ्या खोलीच्या खिडकीतून सगळी गल्ली दिसते, पार बसथांब्यापर्यंत. बसमधून कोण उतरलं ते ओळखू येतं. ही चांगली गोष्ट.

घरखर्च, वीज, पाणी माझ्या कमाईत भागतं. लोक आता कपाटं खोक्यातून आणतात आणि मला जोडायला बोलावतात. सोबत एक चित्रांचा कागद येतो, त्यातला माणूस सारखा हसत असतो. कपाट जोडून झालं की दोन-चार स्क्रू उरतातच. मी ते गुपचूप खिशात टाकतो आणि म्हणतो, झालं.

जिन्याचं लाकूड येऊन पडलं आहे आणि काम चालू आहे. जिना झाला की घर पूर्ण. एप्रिलमध्ये फोनवर आपली जरा बोलाचाली झाली, ती मी धरून बसलेलो नाही. तूही बसू नकोस. पैसे मात्र तू दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता पाठवतेस, त्यावरून तू धडधाकट आहेस असं समजतो.

पाकीट अजून बंद करत नाही. यंदा चांगल्या गोष्टी कमी पडताहेत, आठवतील तशा लिहीन.

तुझा सुतार


२७ डिसेंबर

काल चिंगी घरी येऊन माझ्याकडे बघते असं लिहिलं. ती घरी येत नाही. म्हणजे रोज येत नाही. जुलैपासून ती कामाच्या जवळ दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. महिन्यातून एकदा येते, तेव्हा बघते.

तुला सांगितलं नाही कारण तू काळजी केली असतीस. असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे तू विचारलं असतंस, का गेली, आणि तिचं उत्तर मला तुला सांगायचं नव्हतं. तिने दिलेलं उत्तर असं: "बाबा, घरात भुसा फार आहे. माझ्या चहात भुसा, उशीत भुसा. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून या घरात काम चालू आहे. कधी संपलेलं मी पाहिलं नाही." मी म्हणालो, संपत आलं. ती म्हणाली, "हेही मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकतेय."

एवढं टोचून बोलायची गरज नव्हती. पण बॅग मीच उचलून बसथांब्यावर नेली. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथल्या दाराची चौकट तिरकी आहे. मी काही बोललो नाही. ही यंदाची चांगली गोष्ट समज, मी तोंड बंद ठेवलं.

आता घरात मी एकटा. तुझ्या ओट्यावर स्वयंपाक करतो आणि पाठ दुखते, कारण ओटा तुझ्या मापाचा आहे. शिंपीणबाई कधी सूप आणून देतात. काल त्या वरच्या खोलीची खिडकी खालून बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "सुंदर झालीये हो. पण एवढं सगळं कुणासाठी करताय?" मी म्हणालो, बायकोसाठी. त्या म्हणाल्या, "हो, पण राहणार कोण?"

या बाईंना लोकांचे कपडे उसवायची इतकी सवय आहे की माणसं दिसली तरी टाका शोधतात. त्यांचं सूप मी प्यायलो नाही. रात्रीपर्यंत नाही प्यायलो.

आणखी एक. जिन्याचं काम चालू नाही. लाकूड एप्रिलपासून अंगणात प्लास्टिकखाली पडून आहे. रोज सकाळी प्लास्टिक उचलून बघतो आणि परत टाकतो. वर जायला शिडी लावली आहे. का सुरू करत नाही ते मला सांगता येत नाही. हातात करवत घेतली की तुझा एप्रिलमधला आवाज ऐकू येतो, आणि मग मला काही तरी दुसरंच काम आठवतं.


२९ डिसेंबर

काल चिंगी आली होती. सुट्टी होती तिला. मी टेबलावर पत्राचे कागद पसरून बसलो होतो. तिने विचारलं, "काय, आईचे दिवस मोजताय?" मी म्हटलं बस, मदत कर, चांगल्या गोष्टी आठवत नाहीत.

ती बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबा, यंदाचे राहू द्या. आई यायची म्हणून आजवर जे जे केलं, त्याचे सगळे मिळून किती दिवस झाले? कधी बेरीज केलीत?"

केली नव्हती. आपण दर वर्षी त्या वर्षाचं बोलायचो आणि पान उलटायचो. मागच्या वर्षाची टाकी पुढच्या वर्षी कोण मोजतं?

मग आम्ही घरभर फिरलो. माझ्याकडे कागद नव्हते, पण कागद कशाला हवेत? हात लावला की आठवतं. ओटा, पाच आठवडे. ओट्यावरची कपाटं, तीन महिने, कारण पहिली दारं मला पसंत पडली नाहीत आणि मी पुन्हा केली. बाथरूम, पावणेदोन महिने. खालची फरशी, चार महिने, कारण आधीची गुळगुळीत होती आणि तू घसरशील असं वाटलं. टाकी. पलंग. मग शिडीवरून वर, ती खोली. नुसत्या भिंती आणि छप्पर यांचीच तीन वर्षं. चिंगी फोनवर आकडे टाकत होती आणि मी एकेका वस्तूवर हात ठेवून सांगत होतो. मला सुरुवातीला अभिमान वाटत होता, हे कबूल करतो. माल बघ की कसा आहे. एक फट नाही कुठे.

वरच्या खोलीत, त्या खिडकीपाशी, तिने फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, "चार वर्षं. वर थोडे."

मी म्हणालो, काही तरी चुकलं असेल.

ती म्हणाली, "चार वर्षं, बाबा. म्हणजे आई यायची तयारी केली नसती, तर मी सोळा वर्षांची असताना ती आली असती. मला तेव्हा आई हवी होती. ओटा नको होता."

बैल गेला आणि झोपा केला असं म्हणतात. मी तर झोपा करतच बसलो, आणि बैलाला सांगत राहिलो, तू तिकडेच चर, इकडे अजून बिजागरी बसवायची आहे. तू पैसे पाठवायचीस, मी ते तुझ्या येण्यासाठी खर्च करायचो, म्हणून तुला आणखी पैसे पाठवायला तिकडेच राहावं लागायचं. हे मला अकरा वर्षांत एकदाही दिसलं नाही. आपण दोघांनीही दिवस मोजले आणि दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मी पुन्हा लिहितो, दोघांपैकी. पण दोष माझाच आहे, हे मला कळतं. करवत माझ्या हातात होती.

आम्ही खाली उतरलो. स्वयंपाकघराच्या दारापाशी ती थांबली. तिथे चौकटीवर तुझ्या खुणा आहेत, आठवतं? तू जायच्या आदल्या दिवशी मी तुला तिथे उभी केली होती आणि पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. कोपर कुठे येतं, खांदा कुठे, हात वर केला तर बोटं कुठवर पोचतात. तू हसत होतीस आणि म्हणत होतीस, मढ्याचं माप घेतात तसं घेताय. घरातलं सगळं मी त्या खुणांवरून केलं. ओटा कोपराच्या खुणेवरून, कपाटाचं वरचं फळकुट बोटांच्या खुणेवरून.

चिंगीने बोटांच्या खुणेवर हात ठेवला. म्हणाली, "आईचा उजवा हात आता इथवर येत नाही. खांद्याच्या वर जातच नाही. त्या म्हातारीला अकरा वर्षं उचलून उचलून गेला तो."

तुला कुणी सांगितलं, मी विचारलं.

"तिनेच. दर रविवारी बोलतो आम्ही. तुम्हाला दोन वर्षांपूर्वी दिसलं नाही? आली होती तेव्हा प्रत्येक वेळी स्टूल घेऊन कपाट उघडत होती."

मला दिसलं होतं. मला वाटलं, प्रवासाने दमली असेल. मी स्टुलाचा पाय डुगडुगत होता तो नीट करून दिला.

म्हणजे दर रविवारी. म्हणजे चिंगी घरात नाही हे तुला जुलैपासून ठाऊक आहे, दाढही ठाऊक असणार, आणि मी इथे ताकाला जाऊन भांडं लपवतोय. तेव्हा आता एप्रिलचंही लिहून टाकतो, नाही तरी तुला तोंडपाठ असेल.

तू म्हणालीस, "अहो, मला परत यायचंय. गुडघे गेलेत माझे. आजींना उचलताना आता मीच खाली बसते. तिकिटाचे पैसे बॅंकेत असतील ना?"

आणि मी म्हणालो, "अगं, लाकडाला पैसे देऊन बसलोय. एवढा जिना होऊ दे. डिसेंबरपर्यंत होईल, मग ये."

तू म्हणालीस, "जिना?" आणि फोन ठेवलास.

मी त्या वेळी शिंपीणबाईंना म्हणालो, बघा, बायकांना घराचं महत्त्वच नाही. गुडघे गेलेल्या बाईसाठी मी जिना करत होतो, हे कळायला मला डिसेंबर उजाडला, आणि तेही पोरीने हाताला धरून दाखवलं तेव्हा.


३० डिसेंबर, सकाळ

आता ऐक. मी ठरवलं आहे.

आज सकाळी लाकडाच्या वखारीत जाऊन आलो. वखारवाला लाकूड परत घ्यायला तयार आहे, चौथाई कापून. प्लास्टिकखाली होतं म्हणून वाकलेलं नाही, नाही तर अर्धं कापलं असतं. तो म्हणाला, "जिना राहिला का?" मी म्हटलं, राहिला. मग तिकिटांच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने विचारलं, "जायचं-यायचं की फक्त यायचं?" मी म्हणालो, फक्त यायचं. ते म्हणताना मला इतकं बरं वाटलं की मी तिला दोनदा सांगितलं. लाकडाचे पैसे आणि माझ्या कमाईतून उरलेले मिळून भागतंय. फेब्रुवारीत स्वस्त पडेल म्हणाली. मी म्हणालो, जानेवारी बघा.

तू ये. वरची खोली भाड्याने देऊ, शिडीने जाणारा एखादा तरणा पोरगा मिळेल. तू खाली झोप. कपाटं मी उतरवतो आणि तुझ्या हाताला येतील अशी बसवतो. ओटाही तोडतो. आल्यावर बसल्या जागेवरून सांग, हे इथे, ते तिथे. माझ्या कमाईत दोघांचं भागेल. चमचमीत भागणार नाही. खोक्यातली कपाटं रोज येत नाहीत, पण येतात.

मी तुला या घरात बोलावताना पहिल्यांदाच असं म्हणतोय की घर तयार नाही. नाहीच आहे. तशीच ये.

हे पत्र आज धाडायचं म्हणजे पोस्टात दुपारच्या आत जायला हवं. शर्ट इस्त्री करतो आणि निघतो. पोस्टात जायला इस्त्री कशाला, असं तू म्हणशील.


३० डिसेंबर, संध्याकाळ

गेलो नाही. शर्टाची एक बाही झाली होती तेवढ्यात बॅंकेचा मेसेज आला.

तुझे पैसे पाच तारखेला येतात, आज तीसच. आणि नेहमीपेक्षा दुप्पट. मला वाटलं बॅंकेची काही तरी चूक. मग खाली बघितलं. पैसे कशासाठी ते लिहायला जी छोटी जागा असते, तिथे तू दर महिन्याला 'घरखर्च' लिहितेस. अकरा वर्षं घरखर्चच. आज तिथे लिहिलं आहेस, 'जिन्यासाठी'.

मी ते कितीदा वाचलं ते सांगत नाही. इस्त्री शर्टावर तशीच राहिली आणि बाही जळली.

चिंगीला फोन केला. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "आई म्हणाली होती, बाबांना मी सांगेन. तिने सांगितलं म्हणायचं आता."

मग तिने सगळं सांगितलं. ती म्हातारी ऑक्टोबरात गेली. तुला दुसरीकडे काम मिळालं, एका आजोबांकडे. त्यांना उचलावं लागत नाही, फक्त सोबत हवी. घर तळमजल्यावर आहे. तू नोव्हेंबरात तीन वर्षांचा करार करून टाकलास. सही करून टाकलीस.

मी म्हणालो, पण मी तिला बोलावतोय. मी तिकीट विचारून आलो.

चिंगी म्हणाली, "बाबा, तिने एप्रिलमध्ये विचारलं होतं. ती म्हणते, आता मला पुन्हा विचारायचं नाही." मग म्हणाली, "ती असंही म्हणते की घरी आलं की सगळं नवंकोरं असतं. कशाला हात लावावा कळत नाही. पाहुण्यासारखी बसून राहते. तिकडे निदान चहाचा डबा कुठे ते तिला ठाऊक असतं."

मी तिला म्हणालो, डबा ओट्याच्या डाव्या हाताला आहे. तिथेच आहे पहिल्यापासून.

ती रडायला लागली. मी फोन ठेवला. मला दुसऱ्याचं रडणं ऐकायला जमत नाही, तुला माहीत आहे.


३१ डिसेंबर

काल फार चिडलो होतो. अजून थोडा चिडलेला आहे, म्हणून आधी ते लिहून टाकतो.

चिंगीला सांगितलंस आणि मला नाही. नवऱ्याला तीन वर्षांचं कळवायला बॅंकेचा मेसेज पुरतो का? आणि तो शब्द लिहायची काय गरज होती? नुसते पैसे पाठवले असतेस तरी मी समजलो असतो. नसतो समजलो, हेही खरं. मला वाटलं असतं, बायको खूश आहे, दुप्पट पाठवतेय. म्हणूनच लिहिलंस ना? एका शब्दात उत्तर दिलंस. मी तुला कधी इतकं थोडक्यात काही सांगितल्याचं आठवत नाही.

आज बेरीज पुन्हा केली. एकट्याने, घरभर फिरून. चार वर्षं आणि वर थोडे. चिंगीची चूक नव्हती.

शिंपीणबाई आल्या होत्या. जळकी बाही बघून म्हणाल्या, "द्या इकडे, दुसऱ्या कापडाची लावून देते." त्यांनी काही विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं. त्या बराच वेळ शर्ट उलटासुलटा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माणसाला अंगावर घालून बघायला सांगितलं नाही, की असंच होतं हो." त्या दिवशी मला या बाईंचा राग आला होता. आज आला नाही. सूपही लगेच प्यायलो.

वखारवाल्याकडे निरोप पाठवला, लाकूड देत नाही. देऊन काय करू? तिकीट कुणाचं काढू?

तर यंदाचा हिशेब पुरा करतो. वर्षअखेरीस आलेले जादाचे पैसे: तुझा एक महिना. खर्च: बाकी आहे. त्याच्यापुढची चांगली गोष्ट राहिली होती. आज सगळी दुपार शोधली. चिंगीचा निकाल लिहून झालाय, दाढ लिहून झाली, खिडकीला आता मी चांगली म्हणत नाही.

एकच सापडली. एप्रिलमधला तो फोन. त्यात तू "मला परत यायचंय" म्हणालीस. अकरा वर्षांत हे वाक्य तू एकदाच बोललीस आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढे मी काय बोललो ते सोडून दे. नियमात फक्त चांगली गोष्ट लिहायची असते. यंदाची तीच, आणि मला वाटतं आजवरच्या सगळ्या वर्षांतली तीच.

आता जिन्याचं. तू पैसे जिन्यासाठी पाठवलेस, दुसऱ्या कशाला ते वापरायचे नाहीत, हेही नियमातच आहे. तेव्हा जिना करावा लागेल. साधी पायरी सात इंच उंच असते. सकाळी अंगणात लाकडावर बसून बघितलं, तुझ्या गुडघ्यांसाठी चार इंचांची केली तर पायऱ्या खूप वाढतात, जिना सगळा हॉल खातो आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी वळतो. हॉलमध्ये बसायला जागा राहणार नाही. बसायला आहे कोण म्हणा. पण चार इंचही जास्त असतील. तीनही असतील. मला कळत नाही, चौकटीवर गुडघ्याची खूण मी केली नव्हती.

तू येणार नाहीस हे मला समजलं आहे. तीन वर्षांनीही येशील असं मला वाटत नाही, आणि चिंगी तोंडाने म्हणाली नाही तरी तिलाही वाटत नाही. आणि या पत्राला तू उत्तर देशील अशी आशाही मी धरलेली नाही. तरी एवढंच विचारतो, पूर्वी कधी विचारलं नाही म्हणून. भिंतीला धरून उभी राहा आणि न दुखता पाय किती वर उचलला जातो ते बघ. तेवढं कळव. बोटांनी मोजलंस तरी चालेल.

तोवर मी लाकूड कापत नाही.